छोटं मिलिंग मशीन सीएनसी करायचंय? आधी स्क्रू नीट बसवा

मोटर कुठली घ्यावी यावर लोक आठवडे घालवतात. एक्स आणि वायला (टेबलाच्या दोन आडव्या दिशा) साधारण २ न्यूटन-मीटरची, झेडला (हेड वर-खाली) ३ची नेमा २३ मापाची स्टेपर, म्हणजे ठरावीक पायऱ्यांनी फिरणारी मोटर घ्या. डीएम५४२ ड्रायव्हर, ३६ व्होल्टचा सप्लाय. झालं. फक्त पॉवर चालू असताना मोटरची वायर काढू नका, ड्रायव्हर जातो.

टेबल सरकवणारा मूळचा स्क्रू ठेवून ‘बॅकलॅश (स्क्रू आणि नटमधला ढिलेपणा) सॉफ्टवेअरमधून काढू’ म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. जीआरबीएल या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये ती सोयच नाही. माक३मध्ये आहे, पण नटात ०.२ मिमी प्ले असेल तर क्लाइंब मिलिंगमध्ये (कटर फिरतो त्याच दिशेने जॉब सरकतो तेव्हा) कटर टेबल तेवढं ओढून घेतो आणि सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताही लागत नाही.

१६०५ बॉलस्क्रू (नटात छोटे बॉल असलेला स्क्रू) घ्या: व्यास १६ मिमी, एका फेऱ्यात ५ मिमी. टोकं वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत टर्न करून मिळतात. स्क्रू हार्ड आहे, कार्बाइड इन्सर्ट लागेल, हे आधीच सांगा. नट काढायचा तर टोकाला नळी लावून तिच्यावरच सरकवा, नाहीतर बॉल सांडतात.

आता अवघड भाग. स्क्रू डोव्हटेलला (टेबल ज्या तिरक्या खाचेवर सरकतं ती) वरून आणि बाजूने, दोन्हीकडून समांतर हवा. टेबल मधे ठेवून सगळे बोल्ट आवळायचे, ही नेहमीची चूक. मधे स्क्रू थोडा वाकतो आणि तिरकेपणा लपवतो. मग टेबल टोकाला गेलं की जाम होतं, मोटर स्टेप गाळते आणि दोष कंट्रोलरवर जातो. म्हणून:

१. गिब (डोव्हटेलमधला ढिलेपणा काढणारी पट्टी) आधी सेट करा. नट-ब्रॅकेटचे आणि बीएफ१२चे (स्क्रूच्या मोकळ्या टोकाचा बेअरिंग-ब्लॉक) बोल्ट नुसते हाताने लावा.

२. नट बीके१२च्या (मोटरकडच्या पक्क्या टोकाचा बेअरिंग-ब्लॉक) अगदी जवळ येईल असं टेबल आणा आणि तिथे ब्रॅकेट आवळा. इथे स्क्रूला वाकायला जागाच नसते, त्यामुळे ब्रॅकेट आपोआप जागेवर बसतो.

३. टेबल दुसऱ्या टोकाला नेऊन बीएफ१२ आवळा.

४. मोटर न जोडता स्क्रू हाताने पूर्ण फिरवा. एका टोकाला जड लागला तर ब्रॅकेटखाली ०.०५ मिमीची पितळी शिम (पातळ पट्टी) घाला. बोल्ट ढिले ठेवून भागवू नका. हलका फिरेपर्यंत पुढे जायचं नाही.

मग बीके१२ तपासा. स्क्रूच्या सेंटर होलमध्ये ग्रीसने एक बॉल चिकटवा, त्यावर डायल गेज टेकवा आणि टेबल जोर लावून मागेपुढे ढकला. काटा ०.०१ मिमीहून जास्त हलला तर लॉकनट आवळा. तरीही हलत असेल तर बेअरिंग अँग्युलर कॉन्टॅक्टचीच आहेत ना, ते उघडून पाहा. स्वस्त सेटमध्ये साधी निघतात.

झेडला आणखी एक धोका आहे. बॉलस्क्रू स्वतःहून अडत नाही. वीज गेली की हेड कटरसकट खाली येतं. गॅस स्प्रिंग किंवा ब्रेकची मोटर लावल्याशिवाय झेड चालवू नका.

मोटर एका फेऱ्यात २०० स्टेप घेते. ड्रायव्हर ८ मायक्रोस्टेपवर (एका स्टेपचे ८ भाग) ठेवला तर २०० × ८ ÷ ५, म्हणजे मिलिमीटरला ३२० स्टेप.

शेवटी अॅल्युमिनियमवर ५० मिमीची गोल चकती काढा आणि एक्स, वाय दोन्ही दिशांना मायक्रोमीटरने मोजा. फरक ०.०५ मिमीच्या वर आला तर स्टेपच्या सेटिंगला हात लावू नका. आधी गिब बघा, मग लॉकनट.