क्रिमिनल अपिलाची जजमेंट्स वाचायची कशी? नवीन ज्युनियर्ससाठी

सिनियरकडे नवीन लागलं की पहिल्या कामांपैकी एक हमखास असतं, "अमुक पॉइंटवर हायकोर्टाची लेटेस्ट जजमेंट्स काढ." मग पोरं कीवर्ड टाकतात, हेडनोट (जजमेंटच्या वर छापलेला सारांश) उचलतात, प्रिंट मारून टेबलावर ठेवतात, आणि सरांनी "यात फॅक्ट्स काय होते रे?" एवढं विचारलं की सगळे गप्प. मी क्रिमिनल साइडलाच रमलोय, ज्युनियर्सकडून हेच काम करून घेतो, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहून टाकावं.

आधी हे डोक्यात पक्कं करा की अपिलात केस नव्याने चालत नाही. साक्षीदार परत पिंजऱ्यात येत नाही, पंच येत नाही, तपास अधिकारी येत नाही (जादा पुरावा घ्यायची तरतूद आहे पण तसं फार क्वचित होतं). एक किंवा दोन जज आणि समोर पेपरबुक (खालच्या कोर्टातल्या कागदांचा गठ्ठा), बस्स. खाली सेशन्समध्ये, म्हणजे खटला चालला त्या कोर्टात, जे एक्झिबिट झालं (पुरावा म्हणून नोंदलं गेलं), जे उलटतपासात निघालं किंवा विचारायचंच राहिलं, त्यावरच सगळा खेळ. म्हणून हायकोर्टाचं जजमेंट वाचायचं म्हणजे खालच्या कोर्टाने कशावर विश्वास ठेवला आणि वर तो कुठे टिकला नाही (किंवा टिकला) ते शोधायचं. बाकी कायद्याची तत्त्वं बहुतेक जजमेंटमध्ये तीच ती असतात.

मी स्वतः आधी शेवटचा ऑपरेटिव्ह भाग (प्रत्यक्ष आदेश) बघतो, मग शिक्षा कोणत्या कलमांखाली होती ते, आणि मग थेट पुराव्याच्या चर्चेवर जातो. मध्ये सुप्रीम कोर्टाचे उतारे पानंच्या पानं असतात, ते पहिल्या वाचनात सरळ सोडून द्या. पीडब्ल्यू १ (सरकारी पक्षाचा पहिला साक्षीदार) कोण, पंच फितूर झाला का, सीए रिपोर्ट (लॅबचा रासायनिक तपासणी अहवाल) काय म्हणतो, एवढं एका कागदावर लिहीत गेलात की अर्धं काम झालं.

उदाहरण म्हणून रिकव्हरी (आरोपीने दाखवल्यावर वस्तू सापडणं) घ्या, कारण खुनाच्या परिस्थितीजन्य केसेसमध्ये हे सारखं दिसतं. आरोपी कस्टडीत म्हणतो की कुऱ्हाड कडब्याच्या गंजीत लपवलीय, काढून देतो. मेमोरँडम पंचनामा होतो, सगळे जीपने जातात, कुऱ्हाड निघते, जप्ती पंचनामा होतो. आता जजमेंट वाचताना बघायचं की जागा सगळ्यांना खुली होती का, कुऱ्हाड तिथल्या तिथे सील केली असं पंच सांगतो का, पोलीस स्टेशनच्या मुद्देमालातून ती लॅबला कधी गेली आणि तोवर कोणाच्या ताब्यात होती, रक्त माणसाचं निघालं तर ग्रुप निघाला का अनिर्णित आला, आणि हे सगळं आरोपीला सीआरपीसी ३१३ च्या जबाबात (पुराव्याबद्दल कोर्ट स्वतः आरोपीला विचारतं तो) विचारलं होतं का. सेशन्सच्या निकालात या सगळ्यावर एक ओळ असते, "आरोपीकडून हत्यार जप्त झाले". हायकोर्टात त्याच एका ओळीवर दहा परिच्छेद असतात आणि निकाल तिथेच फिरतो. शरद बिरधीचंद सारडा, १९८४, हे नाव तुम्हाला अशा प्रत्येक जजमेंटमध्ये भेटणार. पुण्याची केस, सेशन्सने आणि हायकोर्टाने दोघांनीही दोषी धरलं होतं, फाशी होती, आणि सुप्रीम कोर्टाने निर्दोष सोडलं. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी पूर्ण लागते त्याची पाच तत्त्वं यातली. पाठ करून ठेवा, पण ती लावून कशी दाखवली ते जास्त महत्त्वाचं.

अलीकडचं मोठं म्हणजे मुंबईतले २००६ चे ७/११ लोकल बॉम्बस्फोट. २०१५ ला स्पेशल मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) कोर्टाने १२ जणांना दोषी धरलं, ५ फाशी, ७ जन्मठेप. २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने सगळ्यांची शिक्षा रद्द केली. त्या दिवशी ग्रुप्सवर जी भांडणं झाली ती बघता किती जणांनी ६७१ पानांतली २० तरी उघडली असतील देव जाणे. राग येणं मी समजू शकतो, पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली होती. पण वकिलाने वाचताना बघायचं ते हे की साक्षीदार पोलिसांपर्यंत किती उशिरा आले, ओळख परेड घेणाऱ्या एसईओला (विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला) तेव्हा अधिकार होता का, कबुलीजबाबांमधला मजकूर एकसारखा का, जप्त वस्तूंचं सीलिंग नीट का नव्हतं, आणि बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते हेही का सिद्ध झालं नाही. आणि लगेच पुढचं बघायचं, तीनच दिवसांनी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे जजमेंट दुसरीकडे प्रिसिडेंट (आधीच्या निकालाचा दाखला) म्हणून वापरायचं नाही, मात्र सुटलेल्यांना परत आत जायची गरज नाही. हे माहीत नसताना कोणी ते कोर्टात साइट केलं तर काय होईल सांगायला नको.

म्हणजे वर काय झालं हे तपासल्याशिवाय कुठलंही जजमेंट सिनियरच्या हातात देऊ नका. नागपूर बेंचचं जानेवारी २०२१ चं ते स्किन टू स्किन वालं (कपड्यावरून स्पर्श म्हणजे लैंगिक हल्ला नाही म्हणणारं) पोक्सोचं, म्हणजे बाल लैंगिक अत्याचार कायद्याचं, जजमेंट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केलं, तरी सर्चमध्ये ते अजूनही छान वर येतं. साईबाबा केसमध्ये (माओवादी संबंधांचा आरोप असलेले प्रा. जी. एन. साईबाबा) तर नागपूरचीच दोन जजमेंट्स आहेत. ऑक्टोबर २०२२ चं सँक्शनच्या (खटल्याला लागणाऱ्या सरकारी मंजुरीच्या) मुद्द्यावर निर्दोष सोडणारं, जे सुप्रीम कोर्टाने बाजूला ठेवून अपील परत पाठवलं, आणि मार्च २०२४ चं, ज्यात पुन्हा निर्दोष. नुसतं आरोपीचं नाव टाकून शोधलंत तर चुकीचं हातात येऊ शकतं, म्हणून २०२३ पासून जो न्यूट्रल सायटेशन नंबर (कोर्टाने स्वतः प्रत्येक जजमेंटला दिलेला) असतो तोच लिहायची सवय लावा. त्यात बीएचसी (बॉम्बे हायकोर्ट) नंतर एएस असेल तर मुंबईची अपेलेट साइड, एनएजी म्हणजे नागपूर, एयूजी म्हणजे औरंगाबाद, जीओए म्हणजे गोवा, शेवटी डीबी असेल तर दोन जजचं.

निर्दोष सुटकेविरुद्धचं अपील हा वेगळाच प्रकार. तिथे पुराव्यावरून दोन मतं निघत असतील तर आरोपीच्या बाजूचं मत हलवायचं नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या चंद्रप्पा (२००७) जजमेंटमध्ये स्पष्ट आहे, त्यामुळे शिक्षेविरुद्धच्या अपिलातला उतारा इथे चिकटवू नका, समोरचा लगेच पकडतो.

कलमांचा घोळ पण सांगून ठेवतो. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी या जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या जागी बीएनएसएस आलं, शिक्षेविरुद्धच्या अपिलाच्या ३७४ चं ४१५ झालं, सुटकेविरुद्धच्या ३७८ चं ४१९, शिक्षा स्थगितीचं ३८९ आता ४३०, आणि वर म्हटलेलं ३१३ आता ३५१. पण त्या तारखेला पेंडिंग असलेली अपिलं जुन्या सीआरपीसीनेच चालतात, म्हणून पुढची बरीच वर्षं दोन्ही आकडे दिसत राहणार. आणि ३८९ किंवा ४३० च्या ऑर्डरमध्ये कोर्ट पुराव्याबद्दल जे बोलतं ते फक्त त्या अर्जापुरतं असतं, त्याला निकाल समजून साइट करू नका.

सुरुवात ७/११ ने करू नका, दमाल. एखादं सिंगल जजचं पंधरा-वीस पानांचं अपील घ्या, ईकोर्ट्सवर (कोर्टांची सरकारी वेबसाइट) त्याच केसचं सेशन्सचं जजमेंट मिळतं का बघा, आणि आधी खालचं वाचून अपिलाचे ग्राउंड्स (आक्षेपाचे मुद्दे) स्वतः लिहून काढा. मग हायकोर्टाचं उघडा.