बीएएमएसच्या पहिल्या वर्षी भेटणारा 'रस'

बारावी सायन्स करून बीएएमएसला, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीला आले तेव्हा रस म्हटलं की मला उसाचा रस नाहीतर आमरस आठवायचा. क्रियाशारीरच्या, म्हणजे शरीराचं काम कसं चालतं या विषयाच्या तासाला कळलं की रस हा शरीर घडवणाऱ्या सात धातूंपैकी पहिला. रोज वाहत राहतो म्हणून रस, असं सुश्रुतसंहिता सांगते. चरकसंहितेत जिभेला कळते ती चव म्हणजे रस. आणि दुसऱ्या वर्षी रसशास्त्र, म्हणजे पारा, धातू, खनिजांपासून औषधं करण्याचं शास्त्र सुरू झालं की रस म्हणजे चक्क पारा! तो बाकीचे धातू गिळतो म्हणून. (हे धातू वेगळे बरं का, सोनं-चांदीवाले.)

आपली मराठी मुलं सगळ्यात जास्त अडकतात ती चवींच्या नावांत. तोंडी परीक्षेत मला कटु रसाचं उदाहरण विचारलं आणि मी लगेच 'कारलं' म्हणाले. साफ चूक. आपला 'कडू' आला कटुपासूनच, पण संस्कृतात कटु म्हणजे तिखट, आणि कडूला म्हणतात तिक्त. त्यात तिक्त ऐकायला तिखटासारखं, म्हणून घोळ आणखी वाढतो. नुसतं पाठ करू नका. त्रिकटूची चिमूट जिभेवर ठेवा. सुंठ, मिरी, पिंपळी. झणझणीत लागलं की कटु पुन्हा विसरणार नाही.

पाऱ्याचा रस कळतो तो खलात. पारा आणि गंधक घोटायला घेतले की आधी पारा थेंब थेंब होऊन पळतो. घोटत राहायचं. हळूहळू काजळासारखी काळी पूड होते, ती उजेडात धरून बघायची, एखादा कण चमकला तरी परत खल हातात. ही कज्जली. सूतशेखर रस, आनंदभैरव रस या औषधांच्या नावातला रस हा पाऱ्याचा, म्हणून ते गोळीच्या रूपात मिळतात. आल्याचा स्वरस मात्र खरंच कुटून, फडक्यातून पिळून काढलेला. आणि रसांजनात पारा शोधू नका, ते दारुहळदीच्या काढ्यापासून करतात.

मी वहीची शेवटची पानं अशा शब्दांसाठी राखून ठेवली होती. शब्द, तो जिथे आला ते अख्खं वाक्य आणि विषय. नुसता अर्थ लिहून ठेवला तर महिन्याभराने काही उपयोग होत नाही. संस्कृतच्या तासाला व्युत्पत्ती विचारायला लाजू नका. मला तिथेच लसणाचं 'रसोन' हे नाव उलगडलं. रस अधिक ऊन, एका रसाने उणा. आयुर्वेदातल्या सहा चवींपैकी आंबट तेवढी त्यात नाही.