मोफत दिसलं की मुक्त समजू नका: वर्गात होणाऱ्या चुका

सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणले. मध्यवर्ती ग्रंथालयाची कपाटं वाचकांसाठी खुली झाली. पण पुस्तक हाताशी आलं म्हणजे ते छापून वाटायचा हक्क मिळाला, असं तिथं कुणी समजत नाही. नेटवर मात्र आम्ही प्राध्यापक हीच चूक रोज करतो: सापडलेला मजकूर वर्गात वाटतो आणि खाली लिहितो, ‘साभार : गुगल’. गुगलनं काहीच लिहिलेलं नसतं. शीर्षक, कर्ता, दुवा आणि परवाना (म्हणजे कर्त्यानं वापरासाठी घातलेल्या अटी) द्या. बदल केला असेल तर तेही सांगा.

मी स्वतः फसलो ते सरमिसळीत. विकिपीडियाचा मजकूर एमआयटी ओपनकोर्सवेअरच्या (एमआयटी या अमेरिकन विद्यापीठानं नेटवर खुल्या ठेवलेल्या अभ्यासक्रमांच्या) टिपणांत गुंफून झकास हँडआउट केलं. दोन्ही मुक्तच की! पण विकिपीडियाचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा बीवाय-एसए, म्हणजे कर्त्याचं नाव द्यायचं, नवी कृतीही त्याच परवान्यानं द्यायची, आणि तिच्या व्यापारी वापरालाही मुभा. एमआयटीचा बीवाय-एनसी-एसए, तिथं व्यापारी वापर बंद, आणि पुढेही तीच अट. दोघांना एकाच वेळी खूश करता येत नाही. म्हणून मिसळू नका, शेजारी-शेजारी ठेवा आणि ज्याचा त्याचा परवाना खाली लिहा.

परवान्यात एनडी (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे बदल नको) दिसलं तर बदललेली प्रत वाटता येत नाही, आणि भाषांतर हाही बदलच. गुजराती माध्यमातली मुलं वर्गात असतील तर हे आधी बघा.

संशोधनातून शिकवताना चूक वेगळीच होते: प्रश्न अवाढव्य असतो. बडोद्यातल्या ‘विश्वामित्री नदीचं प्रदूषण’ म्हटलं की मुलं वीस पानं उतरवून आणतात. त्याऐवजी विचारा, काळा घोडा पुलाखालचं पाणी सकाळी आठला जास्त गढूळ की दुपारी दोनला? महिनाभर, जागा तीच, पद्धत तीच. (नमुना पुलावरून, दोरीला बादली बांधून घ्या. नदीत मगरी आहेत. बाहेरून आलेल्या प्राध्यापकांना हे खरंच सांगावं लागतं.) तक्ता पीडीएफमध्ये कोंडू नका, स्प्रेडशीट ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना त्यात भर घालता येईल.

नमुना घ्यायचा राहिलेल्या दिवसाचा रकाना कोराच ठेवायला सांगा. एका गटाचे आकडे इतके गुळगुळीत आले की मी विचारलं, “त्या धो धो पावसात कोण गेलं होतं रे?” कुणीच गेलं नव्हतं. तेव्हापासून कोऱ्या रकान्यापुढे कारण लिहिलं असेल तर त्यालाही मी गुण देतो.