कुत्री गाभण आहे का, हे कसे ओळखावे

मिलनाची तारीख आधी लिहून ठेवा; पुढचे सगळे अंदाज तिच्यावरूनच बांधायचे असतात. गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा असतो. मिलनापासून मोजल्यास ५८ ते ६८ दिवसांत ती व्यायला हवी.

पहिले तीन आठवडे बाहेरून जवळजवळ काहीच कळत नाही. चौथ्या आठवड्यात स्तनाग्रे फुगून गुलाबी दिसू लागतात, काहींची भूक थोडे दिवस मंदावते. पोट सहसा पाचव्या आठवड्यानंतरच वाढलेले दिसते, आणि एक-दोनच पिल्ले असतील तर तेही फारसे नाही.

पण या खुणांवर विसंबू नका. गर्भारपणात वाढणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक माजानंतर गर्भ नसतानाही शरीरात तसेच वाढते. त्यामुळे खोट्या गर्भारपणात दूधही येते, कुत्री बिळासारखी जागाही उकरते. माणसांची गर्भचाचणी पट्टी इथे निरुपयोगी, कारण ती ज्या संप्रेरकावर चालते ते कुत्रीत तयारच होत नाही.

खात्री सोनोग्राफीनेच करावी, २५ ते ३० दिवसांच्या सुमारास. पिल्लांच्या हृदयाचे ठोकेही दिसतात. रिलॅक्सिनची (गर्भ असल्यास वारेतून तयार होणाऱ्या संप्रेरकाची) रक्तचाचणी ३० दिवसांनंतर करा, आधी केल्यास ती चुकीने नकारात्मक येऊ शकते. पिल्ले मोजायची असतील तर ५५ दिवसांनंतर एक्स-रे. घरी पोट दाबून पाहू नका, गर्भाला इजा होऊ शकते.

माजानंतरच्या दोन महिन्यांत पोट फुगले आणि सोबत खूप तहान, मरगळ, उलट्या किंवा योनीतून पू दिसला, तर ते गर्भाशयात पू झाल्याचे लक्षण असू शकते. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.