सातशे सदस्य, तरी प्रश्नाला उत्तर नाही: सामाजिक उद्योजकांचं ऑनलाइन जाळं उभारताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सामाजिक उद्योजकांच्या आमच्या सातशे जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेळघाटातल्या एका ताईंचा प्रश्न आला. ‘मोहफुलं वाळवतोय, पण माती लागते, बुरशी धरते. व्यापारी भाव पाडतो. कोणी काही केलंय का?’ रात्रीचे पावणेदहा वाजले होते. पाठोपाठ कुणाच्या तरी पुरस्काराचा फोटो आला, त्याखाली अभिनंदनाची रांग लागली, मग एका वेबिनारची लिंक आली. सकाळपर्यंत ताईंचा प्रश्न वर कुठेतरी निघून गेला होता. त्याच ग्रुपात छत्तीसगडचे एक दादा होते. त्यांच्या गावात झाडाखाली हिरवी शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, बांधतात, फूल जमिनीला लागतच नाही. त्यांनी तो प्रश्न पाहिलाच नव्हता. हे मला कळलं मे महिन्यात, मोहाचा हंगाम संपल्यावर.

गरिबीवर काम करणाऱ्यांचे ग्रुप बहुतेक असेच थंडावतात. भांडण होत नाही, कुणी बाहेरही पडत नाही. माणसं फक्त विचारायची थांबतात. म्हणून तुमच्या जाळ्याची तब्येत बघायची तर सदस्य मोजू नका. महिन्यात किती जणांनी मदत मागितली आणि त्यातल्या किती जणांना कामाचं उत्तर मिळालं, एवढंच वहीत लिहून ठेवा.

पहिली चूक: सगळ्यांना एकाच खोलीत कोंबणं

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात १०२४ माणसं मावतात, म्हणून ती भरायची नसतात. आम्ही नंतर तीन गोष्टी केल्या. घोषणा, पुरस्कार, वेबिनार यांना वेगळा ग्रुप दिला. कामाचे ग्रुप विषयावर बांधले: वनोपज (जंगलातून गोळा होणारा माल), शेळीपालन, बचत गटांची कर्जं. आणि प्रश्न विचारायची एक पद्धत ठरवली. गाव कुठलं, काय करून पाहिलं, अडलं कुठे, उत्तर कधीपर्यंत हवं, जमल्यास एक फोटो. ‘मार्केटिंगसाठी मार्गदर्शन हवं’ या प्रश्नाला कुणी उत्तर देऊ शकत नाही. ‘चाळीस किलो मोहफुलं आहेत, बुरशी धरलीय, आठ दिवसांत विकायची आहेत’ याला देऊ शकतं.

तरीही उत्तर आपोआप येत नाही. कोण काय जाणतं हे डोक्यात असलेला एक माणूस लागतो. तो प्रश्न वाचतो आणि दोघांना सरळ फोन लावतो. हे काम संध्याकाळी उरलेल्या वेळात होत नाही. ॲपवर खर्च करण्याआधी समन्वयकाच्या मानधनाची सोय करा, असं मी हात जोडून सांगेन.

दुसरी चूक: इंग्रजीत चालणारं जाळं

ज्याला सगळ्यात जास्त कळतं, तोच गप्प बसतो, कारण बाकीचे इंग्रजीत लिहितात. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेज या संस्थेने आफ्रिकेतल्या खेड्यांमधून आलेल्या, शाळा न पाहिलेल्या बायकांना सौर दिव्यांचं काम शिकवलं. शिकवणाऱ्यांची आणि शिकणाऱ्यांची भाषा एक नव्हती. रंगांच्या खुणा, हातवारे आणि प्रत्यक्ष हाताने करून बघणं, एवढ्यावर काम झालं. आपल्याकडे तर व्हॉइस नोट आहे. तिच्यात कोरकू, गोंडी, अहिराणी काहीही चालतं. मात्र तिचं दोन ओळींचं सार लगेच लिहून ठेवा, नाहीतर पुन्हा शोधताना ती सापडत नाही.

याच्याच शेजारची चूक म्हणजे ज्ञान घेऊन जाणं आणि परत न देणं. अहमदाबादचे प्राध्यापक अनिल गुप्ता यांच्या, गावोगावच्या लोकांच्या युक्त्या नोंदवणाऱ्या हनी बी नेटवर्कने सुरुवातीपासून दोन नियम पाळले: ज्याची युक्ती त्याचं नाव तिच्यासोबत जायचं, आणि माहिती त्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत परत पोहोचायची. तुमच्या ग्रुपातल्या एखाद्या बाईची युक्ती उद्या कुणाच्या सादरीकरणात दिसली आणि तिथे तिचं नाव नसलं, तर ती पुन्हा काही सांगणार नाही. मी तिच्या जागी असते तर मीही सांगितलं नसतं.

तिसरी चूक, आणि सगळ्यात महाग: फक्त यश दाखवणं

दक्षिण आफ्रिकेतला प्लेपंप आठवा. मुलं चक्रावर खेळणार आणि त्या फिरण्याने जमिनीतलं पाणी टाकीत चढणार, अशी कल्पना. २००६ मध्ये अमेरिकेत त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची मदत जाहीर झाली. फोटो सुंदर येत. गावात मात्र मुलं खेळत नसली की बायकांनाच ते जड चक्र ढकलावं लागे, आणि काही ठिकाणी चालू हातपंप काढून ते बसवलेलं होतं. २०१० पर्यंत मोहीम गुंडाळली गेली. चक्र ढकलणाऱ्या बायकांचं म्हणणं वेळेत वरपर्यंत पोहोचतं, तर किती पैसा आणि किती घाम वाचला असता!

कॅनडातली इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स ही संस्था २००८ पासून स्वतःच्या फसलेल्या कामांचा अहवाल काढू लागली. एवढं नाही जमलं तरी एक छोटी खोली ठेवा, जिथे ‘आमचं हे बुडालं’ असं म्हणता येईल. आणि त्या खोलीत देणगीदारांना घेऊ नका. पुढचा हप्ता ज्याच्या हातात आहे, त्याच्यासमोर कुणी खरं बोलत नाही.

पैशाची चूक

परदेशी देणगी एका संस्थेने घ्यायची आणि जाळ्यातल्या लहान संस्थांना वाटायची, हा बेत भारतात चालत नाही. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि त्यातून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच करता येतो. समन्वयकाचा पगार कशात धरायचा हेही म्हणून आधी सीएला विचारा. निधी आल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

कधीच न भेटणं

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरं आणि गावं पुन्हा उभी करणाऱ्या लातूर-उस्मानाबादच्या बायका २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये गेल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने हा दुवा जोडला होता. ज्यांनी स्वतः पत्र्याखाली दिवस काढले, त्या समोर बसून बोलल्या की ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. ऑनलाइन जाळ्यालाही वर्षातून एक मुक्काम लागतो. एकाच ताटावर जेवलेल्या माणसाचा फोन कुणी टाळत नाही.

आणि एखाद्या विषयाच्या ग्रुपात तीन महिने एकही प्रश्न आला नाही, तर तो बंद करा. आधी मिळालेली उत्तरं नावानिशी एका फाइलमध्ये उतरवा, फाइल सगळ्यांना पाठवा, सदस्यांना फोन करून सांगा. आमचे असे दोन ग्रुप बंद झाले. वनोपजाचा चालू आहे, आणि फेब्रुवारी लागला की छत्तीसगडचे दादा स्वतःहून शेडनेटचे भाव टाकतात.