बंगळुरात भाकरी सापडली

सोलापूरहून नोकरीसाठी बंगळुरात आलो आणि पहिले तीन आठवडे पोटानेच असहकार पुकारला. ऑफिसजवळ जिकडेतिकडे इडली-डोसा, वर सांबार गोड! शेवटी विजापूरच्या एका सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, ‘उत्तर कर्नाटक’ अशी पाटी असलेली खानावळ शोध. कन्नडमध्येही तिला ‘खानावळी’च म्हणतात. जोळद रोट्टी म्हणजे आपली ज्वारीची भाकरी, एण्णेगायी म्हणजे भरलं वांगं, शिवाय शेंगाचटणी. (चटणी सोलापूरचीच चांगली, पण तिथे बोललो नाही.) मोडक्या कन्नडमध्ये ‘इन्नोंदु रोट्टी कोडी’ (अजून एक भाकरी द्या) म्हटलं, तर मालक हसले आणि दोन वाढल्या. पुढे खोलीही त्यांनीच सुचवली. दलाली वाचली; डिपॉझिट मात्र पाच महिन्यांचं भरावंच लागलं.