स्टॉपरची जोडी कशी निवडावी

फुटबॉल संघातले सगळ्यात उंच दोघे उचलायचे, मध्ये उभे करायचे आणि बचावफळी झाली म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. शालेय स्पर्धांपासून पेठेच्या संघांपर्यंत सगळीकडे ती दिसते. हे दोघे लांब किकवर हेडर जिंकतात, प्रेक्षक खूश होतात, आणि मग मागे टाकलेल्या एका साध्या चेंडूवर समोरचा बुटका स्ट्रायकर दोघांच्या मधून निघून जातो. दोघंही एकाच कामाचे असल्यावर दुसरं काय होणार? स्टॉपरच्या, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी खेळणाऱ्या दोघांच्या, जोडीत पहिला प्रश्न एवढाच असतो: चेंडूवर जाणार कोण आणि मागे राहणार कोण. बाकी सगळं या उत्तराभोवती बसवायचं.

आधी रेषा ठरवा

जोडी ठरवण्याआधी बचावाची रेषा आपल्या गोलपासून किती पुढे उभी राहणार हे ठरवा. पेनल्टी बॉक्सची खोली १६.५ मीटर. रेषा १८-२० मीटरवर, म्हणजे बॉक्सच्या तोंडाशी ठेवलीत तर पाठीमागे पळायला फारशी जागाच उरत नाही. तिथे हेडर, शॉट अडवणं आणि क्रॉसचा अंदाज लागतो. वेग जरा कमी असला तरी निभावतं. रेषा ३५-४० मीटरवर नेलीत की स्टॉपर आणि गोलकीपर यांच्यामध्ये २०-२५ मीटरचं मोकळं रान पडतं. मग दोघांपैकी निदान एक जण झटकन वळून पळणारा हवाच, आणि कीपरनेही बॉक्सबाहेर यायची तयारी ठेवायला हवी. कीपर गोलरेषा सोडत नसेल, तर सरळ रेषा ५-७ मीटर मागे घ्या. दोन संथ स्टॉपर आणि पुढे नेलेली रेषा, हे समीकरण कुठल्याच पातळीवर सुटत नाही.

मैदानाचाही हिशेब ठेवा. पावसाळ्यात चिखलात चेंडू मध्येच रुततो, त्यामुळे मागे राहणाऱ्याला एखादं पाऊल जास्त मिळतं. मुंबईच्या कूपरेजसारख्या कृत्रिम गवतावर, त्यातही ते ओलं असेल तर, तोच चेंडू टप्पा पडल्यावर सरसर निघून जातो.

जाणारा आणि राहणारा

मँचेस्टर युनायटेडमध्ये नेमान्या व्हिडिच अंगावर जायचा, रिओ फर्डिनंड मागे राहून खेळ ओळखायचा. स्पेनकडे कार्लेस पुयोल आणि जेरार्ड पिके. पिके उंच, पायात पास असलेला. पुयोल त्याच्यापेक्षा बराच बुटका, पण झेपावणारा. २०१० च्या विश्वचषकात सात सामन्यांत स्पेनने दोनच गोल खाल्ले, आणि उपांत्य फेरीत जर्मनीविरुद्ध कॉर्नरवर हेडर मारून सामना जिंकून दिला तो बुटक्या पुयोलने. उंचीचा बाऊ करणाऱ्यांनी इटलीचा फाबियो कान्नावारोही पाहावा. उंची जेमतेम पावणेसहा फूट, तरी २००६ च्या विश्वविजेत्या संघाचा तो कर्णधार. त्या संपूर्ण स्पर्धेत इटलीवर दोनच गोल झाले, एक स्वयंगोल आणि दुसरा अंतिम सामन्यातली पेनल्टी. खेळत्या चेंडूवर प्रतिस्पर्ध्याला एकही नाही. हेडरमध्ये उंचीपेक्षा उडी कधी मारली हे मोजायचं असतं.

आता अंतरं. चेंडू मैदानाच्या मध्यभागी असताना दोघांमध्ये ८-१० मीटर ठेवा. एक जण पुढे गेला की दुसऱ्याने ३-४ मीटर मागे आणि त्याच वेळी जोडीदाराच्या दिशेने ४-५ मीटर आत यायचं, म्हणजे तिरकं. बरोब्बर पाठीमागे उभं राहिलात तर एकाच वळशात दोघंही चकतात. एका रेषेत राहिलात तर कव्हर, म्हणजे मागची राखण, उरत नाही. याच क्षणी पलीकडच्या साइड बॅकने, म्हणजे कडेच्या बचावपटूने, आत सरकायला हवं. स्टॉपरच्या डोक्यावर फोडलेले कितीतरी गोल खरं तर या न सरकलेल्या साइड बॅकचे असतात.

चेंडू कडेला गेला की जवळच्या स्टॉपरला टचलाइनकडे धाव घ्यायचा मोह होतो. जाऊ देऊ नका, ते साइड बॅकचं काम. स्टॉपरने बॉक्सच्या कडेच्या आत राहून जवळचा पोस्ट आणि त्यापुढची जागा सांभाळायची. दुसऱ्याने गोलच्या मध्यासमोर. जावंच लागलं, तर डिफेन्सिव्ह मिडफिल्डर (बचावफळीच्या पुढे मध्यभागी खेळणारा) त्या खिंडारात उतरलाच पाहिजे, आणि हे सरावात ठरलेलं असावं.

डावा पाय

डाव्या बाजूला डाव्या पायाचा स्टॉपर मिळाला तर सोनं. कारण साधं आहे. उजव्या स्टॉपरकडून आडवा पास आला की डावखुरा तो डाव्या पायावर घेतो, अंग मोकळं राहतं आणि पुढच्याच स्पर्शात तो कडेने विंगरला चेंडू देतो. उजव्या पायाचा खेळाडू तोच चेंडू आतल्या पायावर घेतो, तोंड मैदानाच्या मध्याकडे वळतं, आणि नेमका तिकडूनच स्ट्रायकर अंगावर येत असतो. एक स्पर्श जास्त लागतो, तेवढ्यात कडेची वाट बंद. २०१९ पासून गोलकिकचा चेंडू साथीदाराला बॉक्सच्या आतच स्वीकारता येतो. त्यामुळे कीपरच्या दोन्ही बाजूंना उभे राहून चेंडू घेणारे स्टॉपर वाढले आणि ही अडचण जास्तच उघडी पडली.

डावखुरा नसेल तर अडून बसू नका. लिव्हरपूलचा व्हर्जिल व्हॅन डाइक उजव्या पायाचा, पण वर्षानुवर्षं डावा स्टॉपर खेळला आहे. उजव्या पायाच्या प्रत्येक उमेदवाराकडून डाव्या पायाने २५ मीटरचे २० पास मारून घ्या. ज्याचे निदान १२ पास साथीदाराला जागा न सोडता घेता आले, तो डावीकडे. एकालाही जमलं नाही, तर गोलकिक लांब मारायची सवय लावा. आपल्याच बॉक्ससमोर चेंडू गमावण्यापेक्षा ते बरं.

मैदानावरच्या चाचण्या

चार उमेदवार असतील तर सहा जोड्या होतात. सहाही करून पाहा, अंदाजाने दोन बाद करू नका.

पहिली चाचणी एकट्याची. स्टॉपर गोलपासून ३० मीटरवर मध्यवर्तुळाकडे तोंड करून उभा, स्ट्रायकर त्याच्या २ मीटर पुढे. प्रशिक्षकाने मध्यवर्तुळातून स्टॉपरच्या डोक्यावरून चेंडू मागे टाकायचा. आठ चेंडू, चार उजव्या खांद्यावरून, चार डाव्या. घड्याळ लावून घेतलेल्या सरळ ३० मीटरच्या धावेपेक्षा ही चाचणी जास्त सांगते, कारण सामन्यात वेळ जातो तो वळण्यात. पाय नीट पाहा. चेंडू उडण्याआधीच जो तिरका उभा राहून एक पाय मागे घेतो, तो पहिल्या दोन पावलांतच स्ट्रायकरला गाठतो. दोन्ही पाय समांतर ठेवून जो चेंडूकडे मान वर करून बघत उलटा चालतो, तो कितीही वेगवान असला तरी मागे पडतो. बरेच जण एकाच बाजूला चपळ वळतात. कोणाला कोणत्या बाजूला उभं करायचं, याचा निकाल कधीकधी इथेच लागतो.

दुसरी चाचणी हेडरची. ४०-४५ मीटरवरून दहा लांब किक, अंगाला अंग लावून उभा असलेला स्ट्रायकर. नुसतं डोकं लागलं म्हणून गुण देऊ नका. चेंडू १५ मीटरच्या पुढे किंवा कडेला गेला तर गुण. समोर मध्यभागी ८-१० मीटरवर पडला तर शून्य, कारण तो चेंडू समोरच्या मिडफिल्डरला ताटात वाढल्यासारखा. तेव्हाच जोडीदार कुठे आहे तेही बघा. हेडर कोण जिंकतो हे बघत जो जागीच थांबतो, तो कव्हरच्या कामाचा नाही.

तिसरी चाचणी जोडीची, आणि सगळ्यात महत्त्वाची. दोन स्टॉपर आणि कीपर, समोर तीन आक्रमक, सुरुवात गोलपासून ३५ मीटरवर, रुंदी ४० मीटर. प्रत्येक हल्ल्याला १२ सेकंद. दर जोडीला दहा हल्ले, म्हणजे सहा जोड्यांचे साठ. हे दोन दिवसांत विभागा, नाहीतर शेवटच्या जोड्या दमलेल्या पायांनी खेळतात आणि उगाच बदनाम होतात. वहीत तीन रकाने आखा: ‘दोघंही गेले’, ‘कोणीच गेलं नाही’, ‘गोल’. निवड पहिल्या दोन रकान्यांवरून करा. सरावातला गोल बऱ्याचदा आक्रमकाच्या नेमबाजीवर ठरतो, पण दोघंही एकाच चेंडूवर धावले तर ते जोडीचंच खातं.

हे दोन रकाने दोन वेगळे रोग दाखवतात. ‘दोघंही गेले’ भरत असेल तर दोघंही जाणारे आहेत. समोरचा मागे पास देऊन लगेच पुढे पळतो आणि मोकळा होतो. ‘कोणीच गेलं नाही’ भरत असेल तर दोघंही राहणारे. स्ट्रायकर २० मीटरवर पाठमोरा चेंडू घेतो, निवांत वळतो, आणि हे दोघे मागे सरकत सरकत कीपरच्या मांडीत जाऊन बसतात. पहिला रोग सरावाने बराच बरा होतो. दुसरा स्वभावाचा असतो, तिथे माणूसच बदलावा लागतो.

आवाज

मागे राहणाऱ्याला सगळं मैदान दिसतं, म्हणून बोलायचं त्याने. शब्द चारच ठेवा: ‘माझा’, ‘सोड’, ‘वर’, ‘थांब’. कीपरचेही हेच शब्द. रेषा वर नेण्याचा हुकूम एकाच तोंडातून यायला हवा. दोन तोंडं असली की एक साइड बॅक हमखास मागे राहतो आणि समोरचे सगळे ऑनसाइड होतात. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहार या स्थानिक संघांच्या सामन्याला जो गलका असतो, त्यात दहा मीटरवरचा शब्द ऐकू येत नाही. तिथे हाताची खूण ठरवा, आणि चेंडू मागे पास झाला की न सांगताच दोन पावलं वर, हा नियम पक्का करा.

थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो. लांब थ्रोच्या वेळी रेषा धरून उभं राहणारे स्टॉपर अजूनही दिसतात. तिथे माणूस धरा.

समोरच्याप्रमाणे बदल

एकच धिप्पाड स्ट्रायकर असेल तर जाणाऱ्याला त्याच्यावर लावा, दुसरा मागे. दोन स्ट्रायकर असतील तर कव्हर साइड बॅककडून घ्यावं लागतं. मिडफिल्डमध्ये उतरणारा स्ट्रायकर असेल, तर त्याच्यामागे कुठवर जायचं ते आधीच ठरवा. १० मीटर पुरे, त्यापुढे मिडफिल्डरच्या ताब्यात द्या.

कधीकधी दुसरा स्टॉपर मिडफिल्डमध्येच सापडतो. प्रशिक्षक सर्जिओ लोबेराने एफसी गोवामध्ये स्टॉपर मुर्तदा फॉलसोबत कार्लोस पेन्या या बचावपटूला खेळवलं. मुंबई सिटीकडे आल्यावर २०२०-२१ मध्ये फॉलच्या जोडीला उभा राहिला एर्नान सांताना, मूळचा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर. हवेतलं काम फॉलचं, चेंडू पुढे नेण्याचं सांतानाचं. त्या मोसमात मुंबईने लीग शील्ड आणि आयएसएल (इंडियन सुपर लीग) चषक दोन्ही उचलले.

मात्र ही युक्ती मोसमाच्या मध्येच, निकड म्हणून केली की अंगाशी येते. २०२०-२१ मध्येच व्हॅन डाइक जखमी झाल्यावर लिव्हरपूलने फाबिन्यो आणि हेंडरसनला मागे ओढलं. मागचं भोक कसंबसं बुजलं, पण मिडफिल्ड उसवलं.

तिसरा माणूस

जोडी ठरली की निदान पाच-सहा सामने मोडू नका, एखादा गोल विचित्र झाला तरी. त्याच काळात तिसरा स्टॉपर तयार ठेवा आणि त्याला दोन्ही बाजूंनी खेळवा. नाहीतर एक जण बाहेर गेला की दुसऱ्याचीही बाजू बदलावी लागते आणि एका दुखापतीत दोन जागा हलतात.

कार्डांचाही विचार आधीच हवा. जाणाऱ्याला पहिल्या अर्ध्यात पिवळं कार्ड मिळालं तर मध्यंतरात दोघांची कामं बदला. जागा त्याच ठेवा, फक्त अंगावर जायचं काम दुसऱ्याकडे. त्यासाठी आठवड्यातून एकदा १५ मिनिटं दोघांना उलट भूमिकेत खेळवा, म्हणजे मध्यंतराच्या गडबडीत ‘कामं बदला’ एवढंच सांगून भागतं.